बर्र: आयर्लंडच्या मधोमध वसलेलं गाव आणि तिथली माणसं

शॅननकाठची

आयर्लंड म्हटलं की आपल्या मंडळींना डब्लिन आठवतं, फार तर गॉलवे आणि मोहेरचे कडे. मधला सपाट, दलदलीचा भाग बहुतेक जण गाडीच्या खिडकीतूनच बघतात. त्याच भागात, ऑफली काउंटीत, बर्र नावाचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. कॅमकोर नावाची छोटी नदी गावाला लागूनच वाहते, पूर्वेला स्लीव्ह ब्लूमचे डोंगर. या एवढ्याशा गावाने जगाला काय काय दिलंय ते मराठीत कुठे एकत्र वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर भर घाला.

सुरुवात सहाव्या शतकात होते. संत ब्रेंडन (समुद्रप्रवासामुळे प्रसिद्ध असलेला तो ब्रेंडन वेगळा) याने इथे मठ स्थापला. इ. स. ६९७ मध्ये याच गावी आयर्लंडभरचे धर्मगुरू आणि राजे जमले. आयोना बेटावरच्या मठाचा प्रमुख अॅडमनान याने तिथे एक कायदा मांडला: लढाईत बायका, मुलं आणि धर्मगुरू यांना हात लावायचा नाही, लावला तर जबर दंड. ९१ जणांनी त्याला जामीन राहून नावं दिली, ती यादी आजही उपलब्ध आहे. तेव्हा बायकांनाही लढाईला जावं लागत असे, ते या कायद्याने थांबवलं, असं परंपरा सांगते. तेराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे! माझ्या मते बर्रची सगळ्यात मोठी कामगिरी हीच. जिच्याबद्दल पुढे लिहिते त्या दुर्बिणीचा नंबर दुसरा.

पुढे याच मठाचा प्रमुख मॅकरेगॉल (मृत्यू ८२२) याने चार शुभवर्तमानांची सुंदर चित्रमय पोथी लिहिली. ती आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. दहाव्या शतकात दोन इंग्रज धर्मगुरूंनी लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत जुन्या इंग्रजीत अर्थ लिहिला, त्यामुळे भाषेच्या अभ्यासकांनाही ती महत्त्वाची वाटते.

मग मोठी उडी मारून १६२० वर येऊ. ओ'कॅरल घराण्याचा हा मुलूख इंग्रजांनी ताब्यात घेतला आणि सर लॉरेन्स पार्सन्सला दिला. गावाचं नावच पार्सन्सटाउन झालं, ते विसाव्या शतकापर्यंत चाललं. गावातल्या बर्र किल्ल्यात आजही तेच कुटुंब राहतं. १६९० मध्ये सार्सफिल्ड या आयरिश सेनापतीच्या सैन्याने किल्ल्याला वेढा घातला होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्सन्सनी गाव आखून बांधलं: रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, जॉर्जियन धाटणीची एकसारखी घरं. ऑक्समनटाउन मॉल नावाच्या रस्त्यावर दरवाजांच्या वरचे अर्धवर्तुळाकार काचेचे झरोके नुसते बघत चालावं, एकासारखा दुसरा नाही.

आता दुर्बीण. तिसरे अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स (१८००–१८६७) यांनी १८४५ मध्ये किल्ल्याच्या आवारात ६ फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली. 'पार्सन्सटाउनची लेव्हिएथन'. १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात १०० इंची दुर्बीण सुरू होईपर्यंत जगात हिच्याएवढा मोठा आरसा कुठे नव्हता. नळी पन्नास फुटांहून लांब, दोन्ही बाजूंना किल्ल्याच्या तटासारख्या दगडी भिंती. उद्घाटनाच्या वेळी डीन पीकॉक नावाचे धर्मगुरू उघडी छत्री धरून नळीच्या या टोकातून त्या टोकाला चालत गेले.

मला सगळ्यात भिडते ती गोष्ट पुढची. लंडनचे नावाजलेले भिंगवाले रॉसने आणले नाहीत. त्याने गावातलीच माणसं शिकवून तयार केली. बर्रचे लोहार, सुतार, गवंडी. इंधनही इथलंच: दलदलीतून कापून वाळवलेली टर्फ. इतिहासाच्या पुस्तकात नाव अर्लचं आहे, आणि ते योग्यच आहे, पण तो आरसा गावाने बनवला.

तारकादर्शी

ताई, वा! आकाशप्रेमींच्या वतीने थोडी भर.

या दुर्बिणीतून एप्रिल १८४५ मध्ये रॉसने श्यामशबल तारकासमूहातल्या एम ५१ कडे पाहिलं आणि त्याला भोवऱ्यासारखी वळणं दिसली. कुठल्याही 'तेजोमेघा'चा सर्पिल आकार माणसाने पाहिला तो पहिल्यांदा. त्याने डोळा लावून हाताने काढलेलं चित्र आजच्या फोटोशेजारी ठेवून बघा, दोन हातांची वळणं आणि टोकाला चिकटलेली छोटी दीर्घिका, सगळं जागच्या जागी. असे सर्पिल 'तेजोमेघ' म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरचे ताऱ्यांचे समूह आहेत हे सिद्ध व्हायला १९२० चं दशक उजाडलं.

वृषभेतल्या तेजोमेघाला 'खेकडा' हे नावही रॉसच्याच चित्रामुळे पडलं. ते चित्र आधीच्या ३ फुटी दुर्बिणीतून काढलेलं होतं.

या दुर्बिणीची मर्यादाही सांगायला हवी. दोन भिंतींमध्ये अडकलेली असल्याने ती वरखाली भरपूर फिरे, पण पूर्व-पश्चिम फारच थोडी. तारा दक्षिणोत्तर रेषेजवळ येईपर्यंत थांबायचं आणि तासाभरात काय ते बघून घ्यायचं. त्यात आयर्लंडचं आभाळ! तरीही एवढं काम झालं.

आणि ड्रायरला विसरू नका. हा डॅनिश तरुण १८७४ ते १८७८ बर्रला निरीक्षक होता. पुढे १८८८ मध्ये त्याने ७,८४० पदार्थांची 'न्यू जनरल कॅटलॉग' ही यादी प्रसिद्ध केली. आपण आजही एनजीसी अमुक-तमुक म्हणतो तो आकडा तिच्यातला.

तांबटआळी

आमच्या घरात तीन पिढ्या तांब्या-पितळेचं काम, म्हणून आरशाबद्दल लिहितो.

हा आरसा काचेचा नव्हता. तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू होता, साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग कथील. आपल्या काशाच्या वाटीतही हेच दोन धातू असतात, पण तिथे कथील बरंच कमी. कथील जसं वाढवाल तसा धातू पांढरा होतो, त्याला झळाळी चढते, आणि तो काचेसारखा ठिसूळही होतो. घरात काशाची वाटी फरशीवर पडून तडकलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांनी कल्पना करावी की त्याहून ठिसूळ धातूची ६ फुटांची, सुमारे ३ टनांची चकती ओतायची आहे.

१३ एप्रिल १८४२ च्या रात्री पहिला आरसा ओतला. टर्फच्या भट्ट्यांवर तीन मोठ्या मुशींत धातू वितळवला होता. तिन्ही मुशी एकामागोमाग साच्यात रित्या करायच्या, मध्ये खंड पडला की गेलं काम. साच्याचा तळही डोकं लावून केलेला: लोखंडी पट्ट्या उभ्या, एकमेकींना खेटून बसवलेल्या. फटींतून वायू खाली निघून जाई, पण धातू झिरपत नसे, आणि तळ आधी थंड झाल्याने पृष्ठभाग एकसंध येई. तापलेली चकती लगेच तापवून ठेवलेल्या भट्टीत सरकवली आणि १६ आठवडे हळूहळू निवू दिली. भराभर निवली तर तडा ठरलेलाच.

मग वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने घासणं आणि चकाकी देणं. हवेने धातू काळवंडतो, म्हणून दोन आरसे केले होते. एक दुर्बिणीत, दुसरा चकाकीला.

ज्यांनी ही ओतकामं केली त्यांच्या हाताला सलाम. ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

रोखठोक

माहिती उत्तम आहे, पण एक प्रश्न विचारतो. ज्या कुटुंबाने ओ'कॅरलांची जमीन घेतली, गावाला स्वतःचं नाव दिलं, त्यांचं आपण इतकं कौतुक का करायचं? १८४५ म्हणजे दुर्बीण सुरू झाली तेच वर्ष, आणि त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडून आयर्लंडचा महादुष्काळ सुरू झाला. लाखो लोक मेले, लाखो देश सोडून गेले. तेव्हा हा अर्ल आभाळाकडे बघत होता?

शॅननकाठची

@रोखठोक, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून बर्रचा इतिहास लिहिताच येणार नाही.

आभाळाकडे बघत नव्हता. दुष्काळाच्या वर्षांत दुर्बिणीचं काम जवळजवळ थांबलं आणि तो मदतकार्यात उतरला. किल्ल्याभोवती खंदक खणायला आणि आवारातली बांधकामं करायला घेऊन शेकडो लोकांच्या हाताला काम दिलं. त्यात पत्नी मेरी रॉसचा मोठा वाटा होता, पैसाही बराचसा तिच्या माहेरचा. पण त्याच काळात लिहिलेल्या पत्रांत अर्ल जमीनदारांचीच बाजू मांडतो, हेही खरं. गावातलं गरीबगृह १८४२ चं आहे. घरदार गेलेले लोक तिथे यायचे, आत नवरा, बायको, मुलं यांना वेगवेगळं ठेवत. ती इमारत अजून उभी आहे. बर्रला जाणाऱ्याने किल्ल्याइतकंच तिच्यासमोरही थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

चौकातला खांब पाहिला तरी हे लक्षात येतं. १७४७ मध्ये तिथे ड्यूक ऑफ कम्बरलँडचा पुतळा बसवला. स्कॉटलंडमध्ये कलोडेनच्या लढाईनंतर ज्याने कत्तल करवली तोच हा. पुतळा मोडकळीला आल्यावर १९१५ मध्ये उतरवला, खांब तसाच रिकामा आहे. आणि चौकाचं नाव आता एमेट चौक, १८०३ च्या उठावात फाशी गेलेल्या रॉबर्ट एमेटचं. लोकांनी खांब पाडला नाही, पुतळा परत बसवलाही नाही.

कौतुक मी कामाचं करते, जहागिरीचं नाही.

मृदुला_वाचते

ताई, मेरी रॉसबद्दल अजून लिहा ना. पैसे देणारी पत्नी एवढंच का तिचं काम?

शॅननकाठची

नाही गं, मुळीच नाही. मेरी फील्ड, यॉर्कशरची, १८३६ मध्ये लग्न होऊन आली. लोहारकामात तिला गती होती, किल्ल्यातलं लोखंडी फाटक तिच्या आखणीचं आहे. पुढे तिने छायाचित्रण हाती घेतलं, तेव्हा म्हणजे १८५० च्या दशकात, जेव्हा काचेवर रसायनं ओतून घाईने फोटो घ्यावा लागे. लेव्हिएथन तेव्हा कशी दिसत होती हे आपल्याला कळतं ते तिच्या फोटोंमुळे. १८५९ मध्ये आयर्लंडच्या छायाचित्रण संस्थेचं रौप्यपदक तिला मिळालं. ११ मुलं झाली, त्यातली चारच मोठी झाली. एवढं सोसून हे काम.

तिची अंधारखोली तिच्यामागे कित्येक दशकं बंद राहिली आणि १९८० च्या दशकात उघडली, तेव्हा बाटल्या, रसायनं, तबकं जागच्या जागी होती. १९९० च्या दशकात दुर्बिणीची दुरुस्ती झाली तेव्हा तिच्या फोटोंवरून मूळ रचना ताडून पाहता आली.

आणि दुसरी मेरी म्हणजे मेरी वॉर्ड. हिच्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो.

१८२७ मध्ये फरबेनजवळच्या बॅलिलिनला जन्म. अर्लची नात्यातली बहीण. लेव्हिएथन उभी राहत असताना ही मुलगी येऊन बघायची, टिपणं काढायची. सूक्ष्मदर्शकाचं वेड. फुलपाखराच्या पंखावरचे खवले, कीटकांचे डोळे इतक्या बारकाईने रंगवायची की बघत राहावं. विद्यापीठांची दारं बायकांना बंद, प्रकाशक बाईचं विज्ञानाचं पुस्तक घेतील याची खात्री नाही, म्हणून १८५७ मध्ये तिने पार्सन्सटाउनमध्येच स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. त्या हातोहात संपल्या. मग लंडनचा प्रकाशक पुढे आला आणि पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

३१ ऑगस्ट १८६९. रॉस कुटुंबातल्या मुलांनी वाफेवर चालणारी रस्त्यावरची गाडी बनवली होती. मेरी आणि तिचा नवरा त्यात बसले होते. चर्चजवळच्या वळणावर गाडीला हिसका बसला, मेरी खाली फेकली गेली आणि चाक अंगावरून गेलं. वय ४२. वेग माणूस भरभर चालेल तितकाच. यंत्रावर चालणाऱ्या वाहनाच्या अपघातात गेलेली जगातली पहिली व्यक्ती म्हणून तिचं नाव घेतात. बहुतेक ठिकाणी तिच्याबद्दल एवढंच लिहिलेलं असतं. एवढी चित्रं, एवढं लेखन, आणि ओळख काय तर अपघात! म्हणून मी पुस्तकाबद्दल आधी लिहिलं.

वाफेचं_इंजिन

त्या गाडीत अर्लचा धाकटा मुलगा चार्ल्सही होता, १५ वर्षांचा. हाच पुढे सर चार्ल्स पार्सन्स. जन्म लंडनचा, पण वाढला बर्रच्या कार्यशाळेत, शाळेत न जाता, घरीच शिक्षकांकडे. ते शिक्षक कोण, तर वडिलांचे खगोलसहायक! त्यातले रॉबर्ट बॉल पुढे आयर्लंडचे राजखगोलज्ञ झाले.

चार्ल्सने १८८४ मध्ये वाफेची टर्बाइन बनवली. वाफेचा दाब एका झटक्यात न वापरता पात्यांच्या एकामागोमाग ओळींतून पायरीपायरीने उतरवायचा, ही त्याची कल्पना. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी नौदल संचलनात त्याची 'टर्बिनिया' ही छोटी बोट बिनबोलावता शिरली आणि सगळ्या युद्धनौकांदेखत ३० नॉटच्या वर वेगाने सुसाट गेली. नौदलाची पकडणारी बोट मागेच राहिली. काही वर्षांत मोठमोठ्या युद्धनौकांवर टर्बाइन बसल्या.

कोराडीला असो की चंद्रपूरला, कोळशावरच्या वीजकेंद्रात जनित्र फिरवणारी वाफेची टर्बाइन याच तत्त्वावर चालते. मी आयुष्यभर अशाच केंद्रात नोकरी केली. पार्सन्सचं नाव आम्ही आदरानेच घेतो.

झाशीची_माती

आता माझी भर, थोडी कडू आहे.

बर्रच्या शेजारी क्रिंकिल म्हणून वस्ती आहे. नेपोलियनच्या युद्धकाळात तिथे मोठी सैनिकी छावणी बांधली. १८८१ पासून ते लेन्स्टर रेजिमेंटचं मुख्य ठाणं. ही रेजिमेंट दोन जुन्या पलटणी जोडून केली होती: एक कॅनडात उभारलेली १०० वी, आणि दुसरी १०९ वी 'बॉम्बे इन्फन्ट्री'.

ही १०९ वी म्हणजे मूळची ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्कराची तिसरी युरोपियन पलटण, १८५३ ची. ३ एप्रिल १८५८ रोजी ह्यू रोजच्या हुकमाने झाशीच्या तटाला शिड्या लावल्या गेल्या, त्या हल्ल्याच्या उजव्या फळीत ही पलटण होती. आपल्या लक्ष्मीबाई, मोरोपंत तांबे यांची मनकर्णिका, त्या वेळी आत होत्या. वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात अडकले होते. पुढचे दिवस झाशीत जी कत्तल आणि लूट झाली, ती त्यांनी मराठीत लिहून ठेवली आहे.

त्याच पलटणीचा वारसा २३ वर्षांनी आयर्लंडच्या या गावाशी जोडला गेला. बर्रच्या भागातली गरीब मुलं पोटासाठी तिच्यात भरती होत राहिली. १९२२ मध्ये आयरिश मुक्त राज्य झालं, रेजिमेंट बरखास्त झाली, आणि त्याच उन्हाळ्यात यादवी युद्धात छावणी जाळली गेली.

रोखठोक

अंगावर काटा आला. झाशीचं नाव या धाग्यात येईल असं वाटलं नव्हतं. आणि ज्या इंग्रजांनी त्यांची जमीन घेतली, त्यांच्याच फौजेत ही मुलं गेली. आपल्याकडेही हेच झालं की.

लिमरिकचा_बाळ्या

एवढं गंभीर चाललंय, पण खेळाशिवाय बर्र पुरं होणार नाही. माझी दोन्ही मुलं हर्लिंग (काठी आणि चेंडूने खेळायचा आयर्लंडचा जुना मैदानी खेळ) खेळतात, त्यामुळे हा विषय घरात रोजचा.

हर्लिंगची पहिली अखिल आयर्लंड अंतिम लढत बर्रला झाली! स्पर्धा १८८७ ची, पण सामना झाला १ एप्रिल १८८८ रोजी, ईस्टरच्या रविवारी. टिपरेरीकडून थर्ल्सचा संघ, गॉलवेकडून मीलिकचा. तेव्हा एका बाजूला २१ जण खेळत. टिपरेरी जिंकली. आज डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८० हजारांवर लोक जमतात, त्याची सुरुवात या गावातल्या एका शेतात.

आणि बर्रचा स्वतःचा क्लबही भारी. १९९५, १९९८, २००२ आणि २००३, चार वेळा अखिल आयर्लंड क्लब विजेते. ब्रायन व्हेलहान इथलाच. २००० मध्ये सहस्रकाचा हर्लिंग संघ निवडला, त्यात त्या वेळी खेळत असलेला तो एकटा होता. बाकी सगळे जुने दिग्गज.

इंद्रायणी_पॅसेंजर

रेल्वेप्रेमींसाठी: बर्रहून शॅनन नदीवरच्या पोर्टमना पुलापर्यंत १८६८ मध्ये १२ मैलांचा फाटा सुरू झाला. खर्चही निघेना, म्हणून दहा वर्षांत बंद. मग कोणी वाली उरला नाही. आसपासच्या लोकांनी हळूहळू रूळ, स्लीपर, फाटकं, स्टेशनाची दारं-खिडक्या, सगळं उचलून नेलं. आयर्लंडमध्ये ती 'चोरीला गेलेली रेल्वे' म्हणून ओळखली जाते. रोस्क्रेकडून येणारी दुसरी लाइन मात्र १९६३ पर्यंत टिकली.

तारकादर्शी

अजून एक राहिलं. २०१७ मध्ये किल्ल्याच्या आवारात आय-लोफार ही रेडिओ दुर्बीण बसली. युरोपभर पसरलेल्या लोफार जाळ्याचं आयर्लंडमधलं केंद्र. कमी कंप्रतेच्या रेडिओलहरी टिपते, म्हणजे आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या क्षेत्रातलंच काम. अँटेनांचा पसारा गवतावर अंथरलाय आणि शेजारी १८४५ च्या भिंती.

मृदुला_वाचते

पुढच्या उन्हाळ्यात डब्लिनला बहिणीकडे जायचंय. बर्र एका दिवसात होईल का? काय चुकवू नये?

शॅननकाठची

होईल, पण सकाळी लवकर निघ. रेल्वेने यायचं तर जवळचं स्टेशन रोस्क्रे, तिथून रस्त्याने वीसेक किलोमीटर. गाडी असेल तर उत्तम. आधी किल्ल्याची बाग आणि दुर्बीण बघ. विज्ञान दालनात मेरी रॉसच्या अंधारखोलीला आणि मेरी वॉर्डच्या चित्रांना वेळ दे, लोक घाईने पुढे जातात. दुर्बिणीत आता अॅल्युमिनियमचा नवा आरसा आहे. बर्रच्या लोहारांनी केलेला जुना आरसा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, तिकडे जाणार असशील तर तोही बघ. दुपारी ऑक्समनटाउन मॉलवरून चालत एमेट चौकात ये, खांबाजवळच १७४७ पासूनचं डूलीज हॉटेल आहे, तिथे जेवण होईल. गरीबगृह मात्र चुकवू नकोस. ऑगस्टमध्ये येणार असशील तर व्हिंटेज वीकच्या तारखा बघून घे, अख्खं गाव जुन्या पोशाखात रस्त्यावर असतं. निघण्याआधी मला व्यनि (खासगी निरोप) कर, जमलं तर मीही येते.